कोठडीतील मृत्यू आणि स्वतंत्र चौकशी
(बडनेरा येथील कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. त्यात कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होते. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. संविधानाच्या प्रश्नावर उठलेल्या आंदोलनात पकडलेला, संविधान शिकणारा पोरगा घरी परत आला नाही!

विधानसभेत शासनाने श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला. छत्रपती संभाजीनगरच्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण होते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनेही पोलिसांकडे बोट दाखवले. तरी गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्या माऊलीला उच्च न्यायालयात जावे लागले. बाळासाहेब आंबेडकरांनी तिची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तेथेही तो आदेश कायम राहिला.

आम्ही विचारतो, ज्यांच्यावर आरोप, त्यांच्याच खात्याकडे तपास दिला तर न्याय कसा मिळावा? म्हणूनच कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावी, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. तुरुंगातील कैद्यालाही ती लागू आहे. परंतु चौकशी संपल्यावर अहवालाचे पुढे काय, तपास कोणी करावा, हे त्या कलमात स्पष्ट नाही. खरी मेख येथेच आहे. अहवालात दोष दिसताच गुन्हा आपोआप नोंदला जावा आणि तपास संबंधित पोलिसांच्या हाताबाहेरील यंत्रणेकडे जावा, ही आमची मागणी आहे.

बडनेऱ्याचा माणूस अटकेत गेला, तर त्याची वाट बहुधा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहाकडेच जाते. म्हणून प्रत्येक विहारात चार गोष्टी माहीत असाव्यात. एक, असा मृत्यू झाल्यास २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळविणे प्रशासनाला बंधनकारक आहे. १९९३ पासून तसे निर्देश आहेत. दोन, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची माहिती नातेवाइकांना देऊन त्यांना हजर राहू द्यावे लागते. तीन, शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची आणि अहवालाच्या प्रतीची लेखी मागणी करावी, अर्जाची पोच घ्यावी. चार, अनुसूचित जातीच्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे.

मोर्चा काढावा, पण अर्जही करावा. घोषणा विरून जाते, पोच घेतलेला कागद न्यायालयात बोलतो. कैदी दोषी असो वा निर्दोष, शिक्षा देण्याचा अधिकार फक्त न्यायालयाचा. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाचे कलम २१ कोठडीच्या दारापाशी थांबत नाही. ते आत पोहोचते की नाही, यावर पहारा ठेवणे हे आपले काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!