दगड फोडणाऱ्यांचे हात



पिंपरी-चिंचवडची घरे व चाकणचे रस्ते ज्या काळ्या दगडावर उभे आहेत, तो मोशीसारख्या खाणींतून निघाला. सुरुंग आले, यंत्रे आली, तरी घण, सुतकी, छिन्नी व पहार आपल्या हातून सुटली नाहीत.

याच हत्यारांनी बोटे चेचतात, डोळे जातात, आणि आपण म्हणतो, नशीब! हे नशीब नव्हे. छिन्नीचे डोके ठोके खाऊन फुलते. त्या कडेची कपची उडून डोळ्यात शिरते. दांडा वाळून सैल झाला म्हणजे घण निसटतो. लोहाराकडून फुललेली कड घासून घ्यावी, दांड्यात पाचर ठोकावी, डोळ्यांवर चष्मा असावा. हा खर्च मालकाचा. मजुराच्या रोजातून कापण्याचा नव्हे.

मुकादम सांगतो, 'तू ठेकेदाराचा माणूस.' पण १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानेच ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. त्याच्या सुधारलेल्या कोष्टकात अंगठा गेल्यास शेकडा ३० व एक डोळा गेल्यास शेकडा ४० कमाईची शक्ती गेली, असे धरले होते.

१८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामागे मजूर एकजुटीने उभे राहिले म्हणून. आपणही तसेच उभे राहू. जखम होताच लेखी कळवा, दवाखान्याचा कागद जपा, आणि शाबूत राहिलेला अंगठा कोऱ्या कागदावर उठवू नका.