बंद पडलेल्या नौकेस हात देताना

भर समुद्रात इंजिन बंद पडलेली नौका ओढून बंदरात आणणे हा कोकण किनाऱ्यावर शेजारधर्म समजला जातो. या धर्मास सावधगिरीची जोड हवी. आधी माणसे, मग नौका, हा क्रम कधीही मोडू नये.

दोर बांधण्यापूर्वी दोन्ही तांडेलांनी वेग, दिशा, खुणा आणि डिझेलचा खर्च यांविषयी बोलून घ्यावे. दोर लांब सोडावा. दोन्ही नौका एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर आल्यास हिसके कमी बसतात. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला, तर तो चाबकासारखा उलटतो व माणसाचा जीवही घेऊ शकतो. म्हणून त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. सैल दोर पंख्यात अडकल्यास मदतीस आलेली नौकाही निकामी होते. दोर तोडण्यास कोयता हाताशी असावा.

वारा वाढल्यास हट्ट न धरता, १९७७ साली स्थापन झालेल्या तटरक्षक दलास १५५४ या क्रमांकावर किंवा व्हीएचएफ वाहिनी १६ वर कळवावे. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात ग्रामपंचायती, मच्छीमार सहकारी संस्था व शिक्षकांनी हे धडे गावोगाव द्यावेत. नौका पुन्हा बांधता येते. गेलेला खलाशी परत येत नाही.