आधी वाट, मग पंगत



आज आम्ही तुमच्याशी मांडवाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, मांडवात शिकण्यासारखं काय आहे? डांब रोवले, वर कापड ताणलं, कडेने कनाती बांधल्या, झाला मांडव. खरं आहे. मांडव घालायला आपल्याला येतं. पण मांडवात माणसं कशी बसवावीत, याचा विचार आपण करीत नाही.

एका लग्नाची गोष्ट सांगतो. लग्न आमच्याच भावकीतलं होतं. माणसं खूप आली. सगळ्यांना घाई. आम्ही जागा दिसेल तिथे पत्रावळी मांडल्या. वाटेत पत्रावळी, दारातही पत्रावळी. पंगत बसली. वाढपी पोरं बादल्या घेऊन निघाली. एका पोराच्या हातात आमटीची बादली होती. दारातून आत येता येईना, म्हणून तो कडेने शिरला. त्याचा पाय मांडवाच्या ताणाच्या दोरात अडकला. बादली कलंडली. कढत आमटी एका लहान मुलीच्या पायावर सांडली.

मुलगी किंचाळली. तिला बाहेर न्यायचं तर वाट नाही! अर्धी पंगत उठवली, तेव्हा वाट झाली. मुलगी पुढे बरी झाली, पण पायावरचा डाग राहिला. सगळे त्या पोराला बोलले. पण दोष पोराचा नव्हता. दोष पत्रावळी मांडणाऱ्यांचा होता, आणि मांडणाऱ्यांत आम्ही होतो.

तेव्हापासून आम्ही एक नेम केला. आधी वाट आखायची, मग पंगत मांडायची.

हे कसं करायचं? त्याला फार विद्या लागत नाही. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. एक पेन्सिल घ्या. एक चौकट म्हणजे २ फूट, असं धरा. समजा, मांडव ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे. वहीत ३० चौकटी लांब आणि १५ चौकटी रुंद असा चौकोन काढा. हा झाला तुमचा मांडव.

आता वाटा काढा. लांबीच्या दोन्ही टोकांना ४-४ फूट वाट सोडा. बरोबर मधोमध आणखी ४ फुटांची एक आडवी वाट सोडा. म्हणजे वाटांना १२ फूट गेले. बसायला ४८ फूट उरले. मांडी घालून बसणाऱ्याला २ फूट रुंद जागा लागते. म्हणजे एका ओळीत २४ माणसं बसतील.

आता रुंदीचा हिशेब. माणसाला बसायला अडीच फूट आणि समोर पत्रावळीला दीड फूट, मिळून ४ फूट. समोरासमोर दोन ओळी बसतात, त्यांचे ८ फूट. दोन ओळींच्या मध्ये वाढप्याला ४ फूट हवेत. दोन वाढपी बादल्या घेऊन समोरासमोर आले, तरी त्यांना एकमेकांना ओलांडता आलं पाहिजे. असे १२ फूट झाले. अशा दोन जोड्यांना २४ फूट लागतील. उरले ६ फूट. त्यांतले ३ फूट दोन जोड्यांच्या पाठींमध्ये सोडा. दोन्ही कनातींच्या बाजूला दीड-दीड फूट सोडा. मांडवाचे मधले डांब पाठीमागच्या त्या ३ फुटांच्या पट्ट्यात येऊ द्या. वाढप्याच्या वाटेत डांब नको.

ओळी झाल्या चार. एका ओळीत २४ माणसं. चार ओळींत ९६ माणसं बसली.

इथे कुणीतरी म्हणेल, मधली आडवी वाट कशाला? ती भरून टाकली तर आणखी ८ माणसं बसतील. १०४ होतील! आम्हीही पूर्वी असंच म्हणत होतो. पण हिशेब करून पाहा. पाहुणे ४०० आहेत. १०४ च्या चार पंगतींत ४०० माणसं उरकतात. ९६ च्या चार पंगतींत ३८४ उरकतात. मागे राहतात १६. आता घरची माणसं आणि वाढपी नाहीतरी शेवटीच जेवतात. तेवढी १६ माणसं मागाहून निवांत जेवतील. एवढ्यासाठी वाट बुजवायची का?

ही आडवी वाट दोन्हीकडे जिथे कनातीला मिळते, तिथे दोन दारं ठेवा. समोरासमोर ठेवा. दोन्ही टोकांनाही दारं ठेवा. दारात टेबल, खुर्च्या, चपलांचा ढीग, काही नको. दाराचा पडदा दोरीने बांधून टाकू नका. ताणाचे दोर दारासमोर येऊ देऊ नका. मांडववाल्याला हे आधीच सांगा. मांडव उभा राहिल्यावर सांगून उपयोग नाही. ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं होईल.

दारांबद्दल एवढं का सांगतो? २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवाली गावात शाळेचा बक्षीस समारंभ होता. मुलं, आईबाप, शिक्षक, सगळे मांडवात जमले होते. मांडवाचं कापड सिंथेटिक होतं. विजेच्या बिघाडाने आग लागली. असं कापड जळताना वितळतं आणि अंगावर गळतं. बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या. चारशेहून जास्त माणसं गेली. त्यांत लहान मुलं फार होती. मंडळी, दार रिकामं ठेवायला पैसा लागत नाही.

म्हणून चूल मांडवापासून दूर ठेवा. निदान ३० फूट तरी दूर असावी. मूठभर धूळ हातातून सोडून बघा. वारा मांडवाकडून ज्या बाजूला जातो, त्या बाजूला चूल मांडा. म्हणजे ठिणगी मांडवावर येणार नाही. गॅसच्या टाक्याही तिथेच ठेवा, मांडवात आणू नका. विजेच्या तारा माणसांच्या पायांखालून नेऊ नका. कापडाला चिकटून दिवे लावू नका. प्रत्येक दाराशी पाण्याचं पिंप आणि बादली ठेवा. वाळूची बादलीही ठेवा, कारण विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. आधी वीज तोडायची, मग वाळू टाकायची.

आता टेबल-खुर्चीची पंगत पुष्कळ ठिकाणी असते. हिशेब तोच. माणसाला २ फूट, म्हणजे ६ फुटी टेबलाच्या एका बाजूला तीन माणसं. खुर्ची मागे सरते, हे मात्र विसरू नका. तिला मागे जागा ठेवा. अक्षतांसाठी खुर्च्या मांडाल, तेव्हा मधोमध वाट सोडा आणि दोन्ही कडांनाही सोडा. सलग दहापेक्षा जास्त खुर्च्या एका ओळीत नकोत.

कोण कुठे बसेल, तेही वहीत लिहा. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया दाराजवळच्या टोकाला बसवा, आणि पहिल्याच पंगतीत बसवा. जातीपातीची वेगळी ओळ मात्र कागदावर काढू नका आणि मांडवातही काढू नका. आपल्या मांडवात आलेला प्रत्येक माणूस आपला पाहुणा आहे.

नकाशा झाला की तो जमिनीवर उतरवा. टेप घ्या. टेप नसली तर ६ फुटांची काठी कापून घ्या. खुंट्या ठोका, सुतळी ताणा आणि चुन्याच्या फक्कीने वाटा आखा. मग खुंट्या काढून टाका, नाहीतर त्यांतच कुणी अडखळायचं. मांडणाऱ्या पोरांना सांगा, या पांढऱ्या रेघेच्या आत पत्रावळ नाही. यजमानाने सांगितलं तरी नाही!

मंडळी, पूर्वी आपण अंदाजाने चालत होतो. आता आपल्याला लिहिता येतं, हिशेब करता येतो. मग त्या विद्येचा उपयोग केव्हा करायचा? घरात कार्य निघालं की आधी वही काढा. घरातल्या बायकांनाही नकाशाला बसवा. वाढताना कुठे अडतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

आमच्या घरी मागे कार्य झालं, तेव्हा फक्कीच्या रेघा कुणी मारल्या, सांगू? जिच्या पायावर डाग आहे, त्याच मुलीने. आता ती मोठी झाली आहे. रेघ मारून झाल्यावर ती स्वतः बादली घेऊन त्या वाटेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. मग म्हणाली, "आता मांडा पत्रावळी."

तुम्हीही तसंच करा. आधी वाटेने चालून बघा. मग पंगत मांडा.