पिल्लू, पोतं आणि अंगणातली माती

आमच्या बैठकीत एरवी बोलणं होतं ते बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं, सोयाबीनच्या बियाण्याचं. पण यंदा पेरणी आटोपल्यानंतरच्या बैठकीत आमचा पाऊण तास गेला तो कुत्र्याच्या पिल्लाच्या शी-शूवर. तुम्हाला हसू येईल. आम्हालाही आधी आलंच होतं.

झालं असं. आम्ही चिखली तालुक्यातल्या एका गावातल्या बाया. आमच्या गटातल्या एका ताईच्या सातवीतल्या लेकीनं २ महिन्यांचं पिल्लू घरी आणलं. मोती त्याचं नाव. मोती घरभर शू करायचा. कधी बाजेखाली, कधी गोधडीवर, कधी देव्हाऱ्यापुढं. एका सकाळी सासूबाईंचा पाय त्या ओल्या फरशीवरून घसरला. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. सासूबाई म्हणाल्या, "याले आधी कुठं तरी सोडून या, मंग मले जेवाले वाढा." नात रडून रडून उपाशी झोपली. आणि ही ताई दिवसभर वावरात निंदण करून यायची, आधी फरशी पुसायची, मग चूल पेटवायची. हे सांगताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आमचं हसणं थांबलं.

लेकीनं फोनवर एक उपाय शोधला होता. पिल्लांसाठी पॅड मिळतात म्हणे. घरात अंथरायचे, पिल्लू त्यावर शू करतं, पॅड उचलून फेकायचा. ताईनं विचारलं, "मागवू का?"

एक आजी पटकन बोलली, "बाईले पॅड भेटाले इतकी वर्षं लागली, अन् कुत्र्याले लगेच?" आजीचं खोटं नव्हतं. २०१८ साली राज्यात अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत पॅडचं पाकीट मिळू लागलं आणि ते गावोगाव पोचवायचं काम बचत गटांकडं आलं. त्यामुळं पॅड म्हणजे काय आणि वापरून झाल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

पिल्लाचा पॅडही तसाच असतो. वर मऊ थर, मध्ये ओल शोषणारी भुकटी, खाली प्लास्टिक. पुण्या-मुंबईत सातव्या मजल्यावर राहणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. तिथं पिल्लाला खाली नेईपर्यंत जिन्यातच कार्यक्रम उरकतो. म्हणून पॅड म्हणजे श्रीमंतांचे लाड, असं आम्ही म्हणणार नाही. ज्याची त्याची गरज.

पण आपल्याकडं दोन अडचणी आहेत. पहिली कचऱ्याची. गावात असा पॅड जातो उकिरड्यावर, तिथं गाई-म्हशी तोंड घालतात, आणि प्लास्टिक जनावराच्या पोटात गेलं की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. जाळला तर विषारी धूर. पिल्लूही पॅड फाडून खातं, कारण त्या वयात दात शिवशिवत असतात.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. पिल्लू जागा ओळखतं ती वासानं आणि पायाखाली काय लागतं त्यावरून. मऊ पॅडवर शू करायची सवय लागली, की त्याच्या लेखी मऊ ते सगळं चालतं. मग गोधडी काय, पायपुसणं काय, बाळाचं दुपटं काय, त्याला फरक कळत नाही. आज घरात पॅडवर कर आणि चार महिन्यांनी बाहेर कर, म्हणजे एकच गोष्ट दोनदा शिकवायची. ज्या घराला अंगण आहे, तिथं पहिल्या दिवसापासून अंगणच दाखवावं, असं आमचं मत पडलं.

मग ताईनं खरा प्रश्न विचारला. "सकाळी ८ ला आम्ही वावरात जातो. पोरगी शाळेत. पिल्लाले अंगण दाखवाचं कोनं?"

बरोबर आहे. २ महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर २-३ तास कळ काढू शकतं. दार लावून ५ तास गेलो, तर घरात घाण होणारच. तो पिल्लाचा दोष नाही. शिवाय पावसाळ्यात इतकुसं पिल्लू बाहेर बांधून ठेवणंही बरं नाही. तेव्हा घरात काही तरी लागतंच. पण ते पॅडच कशाला? आम्ही ठरवलं ते असं.

ओसरीच्या एका कोपऱ्यात बारदानाचं जुनं पोतं अंथरायचं आणि त्यावर अंगणातल्याच मातीचा दोन बोटं थर द्यायचा. म्हणजे बाहेर जी माती, तीच आत. पायाला तीच लागते, वासही तोच. पिल्लाचं अंथरूण आणि जेवणाचं भांडं तिथून लांब ठेवायचं, कारण झोपायच्या-खायच्या जागी घाण करणं त्यालाही आवडत नाही. माती रोज बदलायची. चार-आठ दिवसांनी पोतं थोडं दाराकडं सरकवायचं, मग उंबऱ्याशी, मग पायरीवर, मग अंगणात. एकदम उचलायचं नाही. आणि घरात कोणी असेल तेव्हा पोत्याकडं नाही, थेट अंगणातच न्यायचं.

न्यायचं कधी? उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागलं, की समजायचं वेळ आली. बाहेर केलं की लगेच पाठीवरून हात फिरवायचा, भाकरीचा तुकडा द्यायचा. आत आणून मग दिला तर त्याला संबंध कळत नाही.

आता चुकल्यावर काय? आपल्याकडं नाक घासतात, टाळूवर चापट मारतात. असं करू नका. घाण करून गेल्यावर मारलं तर पिल्लाला कळत नाही कशासाठी मारलं. ते फक्त माणसाला भ्यायला शिकतं आणि मग लपून, कणगीमागं करतं. डोळ्यांदेखत करत असेल तर उचलून बाहेर न्या, बस.

फरशीवरची शू आधी फडक्यानं टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. सारवलेली जमीन असेल तर ओली माती खरवडून काढा आणि नव्या मातीनं सारवा. वास राहिला तर पिल्लू पुन्हा तिथंच जातं. फिनाईल मात्र जपून. पिल्लू जमीन चाटतं, ते त्याला बाधतं.

शी रोजच्या रोज राखेनं झाकून उचला आणि खड्ड्यात पुरा. पिल्लांच्या पोटात जंत असतातच. त्यांची अंडी मातीत मिसळतात आणि रांगत्या लेकराच्या हातातून तोंडात जातात. काही जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतूनही शिरतात. म्हणून ती शी भाजीच्या वाफ्यात नको, हात साबणानं धुवा, आणि पिल्लाला जंताचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या. त्याचा डोस वजनावर ठरतो.

आणखी एक. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला चावडीवर, बाजारात, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागी नेऊ नका. पार्वो नावाच्या रोगात पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, आणि त्याचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. आपलं अंगण पुरे. ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, आणि पुढं डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता.

सोडून देण्याबद्दलही आम्ही बोललो. पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडलं, की आपलं घर स्वच्छ झालं असं वाटतं. पण लस न दिलेलं, भुकेलं कुत्रं त्या गावात कोणाच्या तरी लेकराला चावू शकतं. शिवाय पाळलेलं जनावर उपासमार होईल असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

शेवटी बैठकीत एक गोष्ट ठरली, ती पिल्लापेक्षा माणसांची होती. पिल्लू ज्यानं आणलं त्याचं काम, आणि ते घरातल्या सगळ्यांचं. ताईच्या लेकीनं वहीच्या पानावर वेळा लिहून भिंतीला लावल्या. शाळेआधी तिची पाळी, रात्री बापाची, माती बदलायची भावाची. दिवसा घरी कोण? सासूबाई. त्यांना कोणी काम सांगितलं नाही. पण ओसरीवर बसून त्यांनाच पहिल्यांदा कळायला लागलं. मोती गोल फिरला की त्या दार ढकलायच्या, "चाल रे भायेर!"

पोळ्यापर्यंत पोतं अंगणात गेलं. मधूनमधून चुका झाल्या. झडीच्या दिवसांत तर दोनदा पुन्हा उंबऱ्याशी आणावं लागलं. पण ताई संध्याकाळी वावरातून आल्यावर फरशी कोरडी असते. ती हातपाय धुते, पाच मिनिटं बसते, मग चुलीकडं जाते. ती पाच मिनिटं आमच्या हिशेबात मोठी कमाई आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पिल्लू आणायच्या आधी घरात एवढंच विचारा. दिवसा त्याला बाहेर कोण नेणार? उत्तर "आई करेल" असं आलं, तर आधी पाळ्या ठरवा, मगच पिल्लू आणा.