निःशब्द यंत्राची निवड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बेताची रक्कम घेऊन गेमिंगचा संगणक जुळवायला निघालेल्या गृहस्थाने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की यंत्राचा गोंगाट हा मूलतः उष्णतेचा प्रश्न आहे; आणि खेळ चालू असता सर्वाधिक उष्णता बहुधा ग्राफिक्स कार्डच निर्माण करीत असल्यामुळे, भरघोस हीटसिंकचे व माफक वीज खाणारे कार्ड निवडले, की निम्मी शांतता पदरात पडते. उरलेल्या शांततेसाठी पंखे मोठे घ्यावेत: 80 मिलिमीटरचा पंखा जेवढी हवा भरधाव फिरून ढकलतो, तेवढीच 120 मिलिमीटरचा पंखा संथपणे ढकलतो, आणि एकाच पंख्याची गती निम्म्यावर आणली असता आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. कॅबिनेटचा दर्शनी भाग जाळीचा हवा. समोरून काचेने बंद केलेले रंगीत दिव्यांचे कॅबिनेट म्हणजे, माझ्या मते, पदरमोड करून घरी आणलेली भट्टी! एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने तिच्याविषयी अधिक बोलणे नलगे. काटकसर दिव्यांत खुशाल करावी, पॉवर सप्लायमध्ये हरगिज करू नये. आणि जुळणी झाल्यावर, तापमानावर नजर ठेवून, बायोसमधून पंख्यांची गती थोडी उतरवून अवश्य पाहावी. त्याला दमडीही पडत नाही.