भिंतीतले पाणी



हिंदमाता आणि पाणी ही जोडी मुंबईत कोणाला सांगावी लागत नाही. एका चित्रपटगृहावरून ज्या भागाला नाव मिळाले, तो आता पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यासाठीच अधिक ओळखला जातो. जागा बशीसारखी खोलगट. भोवतालचे पाणी येथे उतरते, आणि समुद्राला भरती असली म्हणजे त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून महानगरपालिकेने अलीकडच्या वर्षांत प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. हे पाणी गाजावाजा करीत येते, म्हणून त्याची दखल घेतली जाते. आज मला बोलायचे आहे ते दुसऱ्या पाण्याविषयी. ते रस्त्यावर नसते, आपल्या घराच्या भिंतीत असते. बाराही महिने असते आणि अजिबात आवाज करीत नाही.

हे पाणी भिंतीत शिरले कसे, हे आधी पाहू. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. पुढे १८९२ साली तानसाचे आले. परळ-लालबागच्या चाळींत ते सार्वजनिक नळावर यायचे आणि खोलीच्या कोपऱ्यातील मोरीतून जायचे. सांडपाण्याचे बिडाचे नळ इमारतीच्या बाहेरच्या अंगाने उघडेच खाली उतरत. नळ फुटला तर सगळ्या चाळीला दिसे, आणि दिसला की चार माणसे ओरडत. ब्लॉक आले, प्रत्येक घरात न्हाणीघर व संडास आले, आणि उघडा नळ आपल्या डोळ्यांना खुपू लागला. भिंतीला खाच पाडून आपण तो आत पुरला, वरून गिलावा केला आणि त्यावर गुळगुळीत फरशी बसविली. घर देखणे झाले, यात शंका नाही. परंतु नळाबरोबर त्याची गळतीही आपण पुरून टाकली.

ही गळती केवढी, याचा हिशेब करून पाहा. सलाईनच्या नळीतून पडणारे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलीटर. दर सेकंदाला असा एकच थेंब गळला, तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी; वर्षाला दीड हजार लिटरांच्या वर. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते आपल्या भिंतीत साचते. आणि हे पाणी येते कोठून? तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यातले. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर दर उन्हाळ्यात आयाबहिणी टँकरची वाट पाहत उभ्या असतात. त्यांच्या गावावरून आलेले पाणी आपण भिंतीला पाजतो आहोत.

आता हे पाणी भिंतीत करते काय? जुन्या इमारतींत लाकडी खांब, तुळया आणि विटांची भिंत असा संसार असतो. तुळईचे टोक भिंतीत रोवलेले. तेथे वारा नाही, ऊन नाही. न्हाणीजवळची गळती बरोबर त्या टोकाशी पोहोचते. लाकूड कुजते, वाळवीला हवी असलेली ओल मिळते. मधली तुळई खणखणीत दिसते, पण ज्या टोकावर ती उभी आहे तेथे उरतो तो भुसा.

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीला वाळवी लागत नाही, म्हणून तेथे राहणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. चांगले काँक्रीट क्षारधर्मी असते, आणि तोवर सळई गंजत नाही. वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरून हा गुण नाहीसा करतो. मग पाणी पोहोचले की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती नसली म्हणजे तो आतून काँक्रीट फोडतो. आधी सळईच्या रेषेने तडा दिसतो, मग एके दिवशी छताचा पोपडा खाली येतो. तो रिकाम्या जमिनीवर पडला तर आपण दैवाला हात जोडतो. पाळण्यात पडला तर?

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे नळाला पाणी ठराविक वेळीच येते. पाणी असते तेव्हा नळातून बाहेर गळते. पाणी गेले आणि नळ रिकामा झाला, की त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. जमिनीखालचा नळ गटाराशेजारून गेला असेल, आणि वर हिंदमात्याचे पावसाळी पाणी उभे असेल, तर आत काय जाते हे सांगायला नको. कावीळ आणि विषमज्वर यांना घरात यायला दार लागत नाही, भेग पुरते.

तेव्हा गळती ओळखावी कशी? यासाठी हा व्याख्यानमालेचा मोसमच सर्वांत चांगला. पावसाळ्यात भिंत ओली दिसली तर दोष गच्चीचा, बाहेरच्या भिंतीचा की नळाचा, हे कळणे कठीण. पण चैत्र-वैशाखात, आकाश कोरडे असताना भिंतीवर ओल असेल, तर पहिला संशय नळावर घ्यावा. रात्री गच्चीवरची टाकी भरली की सर्वांनी नळ बंद करावेत, पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि पहाटे पाणी सुरू होण्यापूर्वी पाहावे. कोणी नळ सोडलेला नसताना पातळी उतरली, तर पाणी कोठे तरी वाट काढते आहे. खालची टाकीही अशीच तपासावी. सांडपाण्याची शंका असल्यास न्हाणीच्या जाळीत रंगीत पाणी ओतावे. दोन-चार दिवसांत तो रंग खालच्या छतावर उतरला, तर चोर सापडला. गिलाव्यावर नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तेथे गिलावा सुटला आहे. भिंतीला लोणा लागला, रंगाचे पोपडे निघाले, किंवा बाहेरच्या नळाच्या सांध्याशी पिंपळाचे रोप उगवले, तर समजावे की येथे पाण्याचा मुक्काम जुना आहे. आणि ओल विजेच्या बटणांजवळ असेल, तर त्या भागाची वीज आधी बंद करावी, मग मिस्त्रीला बोलवावे.

इतके सोपे असूनही गळती राहते का? माझ्या मते याचे कारण नळात नाही, माणसांत आहे. वरच्याच्या न्हाणीत दोष, आणि ओल मात्र खालच्याच्या छताला. ज्याला त्रास आहे त्याच्या हाती दुरुस्ती नाही. ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याला त्रास नाही. वरचा म्हणतो, ‘माझी फरशी नवी आहे, मी फोडणार नाही.’ खालचा म्हणतो, ‘मग मी जिना चढणार नाही.’ पागडीच्या इमारतीत तिसरा येतो तो मालक. तो म्हणतो, ‘एवढ्याशा भाड्यात मी काय करू?’ हे कोडे इतके जुने, की १९६९ साली त्यासाठी कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. त्या वेळी मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त इमारती १९,६४२ भरल्या होत्या. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत वाटणी स्पष्ट आहे: बाहेरच्या सामायिक नळाची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने दुरुस्त करायची, घरातील संडास, मोरी यांची गळती त्या सभासदाने. तरीही पत्रे जातात, उत्तरे येतात, आणि पाणी कागद वाचीत नाही; ते उतरत राहते.

अशा वेळी आपण सर्वांत स्वस्त उपाय करतो. दिवाळीपूर्वी ओलीवर रंग देतो. घर विकायचे असले तर लाकडी तक्ते लावतो. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. झाकलेली ओल मात्र सव्वा लाखाचे घर खाते. पाण्याचे मूळ न शोधता भिंत झाकणे म्हणजे ताप आलेल्या मुलाला नवे कपडे घालणे होय.

आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तुमची फरशी हेच कोणाचे तरी छत आहे. ती तुळई, ती सळई तुम्हा दोघांनाही तोलून धरते. खालचे छत गेले, तर तुम्ही कोठे उभे राहाल? म्हणून खालचा माणूस दार ठोठावतो, तेव्हा तो भांडायला आला असे न समजता, त्याने आपल्या घराची बातमी आणली असे समजावे. त्याला चहा द्यावा, त्याच्याबरोबर खाली जावे आणि ओल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. खालच्यानेही आवाज चढवून नव्हे, रंगीत पाण्याचा पुरावा घेऊन वर जावे.

मृग नक्षत्र लागायला अजून अवधी आहे. भिंती आज कोरड्या ऋतूत खरे बोलतात. पाऊस सुरू झाला की सगळ्याच ओल्या होतील आणि कोणालाच दोषी ठरविता येणार नाही. तोवर आपापल्या टाकीवर एक खूण करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.