वारसा रोगाचा नव्हे, शक्यतेचा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी व्यवसायाने कापड व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. परंतु आमच्या नात्यातील एका मुलीचा ठरत आलेला विवाह, तिच्या भावाला आतड्याचा विकार आहे एवढ्याच कारणावरून मोडला. तेव्हापासून ‘हा रोग खरोखर रक्तातून येतो काय?’ या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. डॉक्टरांशी बोलून आणि वाचन करून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे प्रमुख प्रकार दोन. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’मध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला व्रण होतात. ‘क्रोन्स’ हा विकार पचनमार्गात कोठेही, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. यात शरीराची संरक्षणव्यवस्था आतड्यातील नेहमीच्या जंतूंविरुद्ध अकारण पेटून उठते आणि त्यात आतड्याचीच हानी होते. हा विकार स्पर्शाने वा सहभोजनाने पसरत नाही.

एकाच घरात दोन-तीन रुग्ण आढळतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण एका घरात ताटही एकच असते. मग दोष रक्ताचा की ताटाचा? याचे उत्तर जुळ्या भावंडांनी दिले. स्वीडनमधील अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांच्या ज्या १८ जोड्यांत क्रोन्स होता, त्यांपैकी ८ जोड्यांत तो दोघांनाही झाला होता. कोलायटिसच्या १६ जोड्यांपैकी मात्र एकाच जोडीत. म्हणजे वारशाचा वाटा निश्चित आहे आणि तो क्रोन्समध्ये अधिक आहे. तरीही जनुके तंतोतंत सारखी असूनही क्रोन्सच्या १० जोड्यांत दुसरे भावंड निरोगी राहिले.

पुढे २००१ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे सोळाव्या गुणसूत्रावरील ‘नॉड-२’ हे जनुक क्रोन्सशी संबंधित असल्याचे दाखविले. जंतूंची चाहूल घेणे हे त्याचे काम. आज अशी दोनशेहून अधिक स्थाने ज्ञात आहेत आणि बहुतेकांचा परिणाम अल्प आहे. युरोपीय रुग्णांत आढळणारे ‘नॉड-२’मधील प्रमुख बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ आढळतच नाहीत. आपल्याकडे उत्तर भारतीय कोलायटिस रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास दिल्ली व लुधियाना येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. केवळ एका जनुकाच्या दोषाने हा आजार अगदी तान्ह्या वयात होतो, अशीही उदाहरणे आहेत, पण ती फार विरळ.

लुधियाना हे नाव आपल्याला होजिअरीमुळे परिचित. पंजाबातील घरोघरच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार तेथे लाखामागे सुमारे ४४ जणांना कोलायटिस होता. हा पाश्चात्त्यांचा रोग, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. भारतात अलीकडच्या दशकांत रुग्ण वाढत आहेत. एक-दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलते ती राहणी. कापडाच्या भाषेत सांगायचे, तर जनुके हा ताणा आणि राहणी, आहार, जंतू हा बाणा. केवळ ताण्याने कापड विणले जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आई-वडिलांपैकी एकाला हा विकार असला, तरी शंभरातील नव्वदहून अधिक अपत्यांना तो होत नाही. दोघांनाही असल्यास मात्र धोका सुमारे एक-तृतीयांशापर्यंत जातो. हिशेबशास्त्रात ‘संभाव्य देणे’ अशी संज्ञा आहे. ते ताळेबंदात कर्ज म्हणून मांडत नाहीत आणि लपवीतही नाहीत. खाली टीप म्हणून प्रामाणिकपणे नोंदवितात. कुटुंबातील या विकाराची नोंद अशीच असावी. निरोगी बहिणीच्या नावावर भावाचा आजार कर्ज म्हणून लिहिणे हा चुकीचा हिशेब आहे. आणि आपला विकार जोडीदारापासून लपविणे हाही चुकीचाच हिशेब. लपविण्यापायी औषधे चोरून घ्यावी लागतात, मग चुकतात आणि रोग पुन्हा उफाळतो.

काही व्यावहारिक सूचना. शौचातून रक्त पडल्यास ते मूळव्याधीचेच असे गृहीत धरू नये. विशेषतः घरात कोणाला हा विकार असेल तर. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची लक्षणे सारखी असतात, म्हणून निदान तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. धूम्रपानाने क्रोन्स बळावतो. बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करू नये. कोलायटिसला आठ-दहा वर्षे झाल्यावर कर्करोगाच्या दृष्टीने दुर्बिणीने तपासणी करावी लागते. मातृत्वाचा विचार रोग शांत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. निरोगी नातेवाइकांनी केवळ भीतीपोटी जनुकतपासणी करून घेण्याचे सहसा कारण नाही.

स्थळ पाहताना आपण घराण्याची चौकशी करतो. ती अवश्य करावी. परंतु ऐकीव भीतीवर निर्णय न घेता दोन्ही कुटुंबांनी एकत्र बसून डॉक्टरांना विचारावे. ज्यांच्या घरी हा विकार आहे, त्यांना मोकळेपणाने बोलता येईल असे वातावरण आपण समाजात निर्माण करावे, एवढीच माझी नम्र विनंती.